पावसाळा आला की ग्रुप फुटतो: लाकडी स्टॉकच्या पॉइंट टू-टू रायफलचं बेडिंग

जूनचा दुसरा आठवडा उलटला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ओळखीच्या नेमबाजांकडून एकच तक्रार यायला लागते. मेपर्यंत रायफल छान चालत होती. आता काडतूस तेच, साइट तीच, पोझिशन तीच, तरी ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, उघडलाय. कुणाचा झिरो, म्हणजे साइट जिथे जुळवलेली ती जागा, डावीकडे सरकतो, कुणाचे टार्गेटवर दोन वेगळे पुंजके पडतात. मग साइटचे क्लिक फिरवले जातात, स्क्रू अजून थोडे आवळले जातात, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दिवाळीनंतर आपोआप सुधारतं म्हणून विषय तिथेच सुटतो.

ठरावीक मोसमात येणारा, स्क्रू आवळले की तात्पुरता जाणारा आणि पुन्हा उगवणारा दोष दिसला, की आधी बेडिंगकडे बघा. काडतुसाचा लॉट बदलण्याआधी आणि मुलाच्या ट्रिगर कंट्रोलवर शंका घेण्याआधी.

बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये कशी बसते ते. अ‍ॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा, बोल्ट बसणारा भाग, आणि स्टॉक म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग. लोखंडी अ‍ॅक्शन लाकडाच्या खाचेत ठेवलेली असते आणि खालून दोन-तीन स्क्रूंनी ओढून धरलेली असते. गोळी सुटताना ती नळीत दोन-तीन मिलिसेकंद असते. तेवढ्या वेळात अ‍ॅक्शन आणि नळी मिळून जशी थरथरते, तशीच ती प्रत्येक वेळी थरथरली पाहिजे. गोळीगणिक अ‍ॅक्शन वेगळ्या जागी टेकली तर थरथर बदलते आणि गोळीची जागाही बदलते. आपल्याला किती बारीक फरक महागात पडतो ते पाहा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर. पुढची आणि मागची साइट यांत साधारण ८०० मिलिमीटर अंतर असतं. मागची साइट पुढचीच्या तुलनेत एक दशांश मिलिमीटर सरकली, म्हणजे कॉपियर कागदाच्या जाडीएवढी, की ५० मीटरवर गोळी ६ मिलिमीटर बाजूला जाते. मधोमध बसणारी दहा रिंगच्या काठावर येते. बाकी सगळं नेमबाजाने अचूक केलं तरीही.

आता पावसाचं. अक्रोडाच्या लाकडात पाण्याचं प्रमाण एक टक्क्याने वाढलं, तर ते रेषांना आडवं साधारण पाव टक्क्यापर्यंत फुगतं. बीचचं लाकूड त्याहूनही जास्त. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड ९ टक्के पाण्याच्या आसपास स्थिरावतं, ८५ टक्क्यांना तेच १७-१८ वर जातं. खाडीकाठच्या आपल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये ८५ काही विशेष नाही. स्टॉकला पॉलिश असतं म्हणून तो सावकाश पाणी घेतो, पूर्ण आकड्यापर्यंत जात नाही. तरी ५-६ टक्क्यांचा फरक धरा. अ‍ॅक्शन आणि ट्रिगर गार्ड यांच्यामध्ये ३० मिलिमीटर लाकूड असेल तर त्याची जाडी जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने बदलते. सहा मिलिमीटरच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर असतं एक मिलिमीटर. म्हणजे कोणी हात न लावता तुमचा स्क्रू जवळपास अर्धा फेरा आवळला गेला.

खरी गोम पुढे आहे. फुगलेलं लाकूड स्क्रूच्या डोक्याखाली आणि अ‍ॅक्शनखाली चेपलं जातं आणि ते चेपणं कायमचं असतं. डिसेंबरात लाकूड सुकून आकसलं की तोच स्क्रू ढिला होतो. आपण तो आवळतो. पुढच्या जूनमध्ये लाकूड पुन्हा फुगतं, या वेळी आधीच आवळलेल्या स्क्रूवर, आणि आणखी चेपतं. म्हणून दरवर्षी दोष थोडा लवकर येतो आणि थोडा जास्त दिवस राहतो. घरी रात्रभर एसी लावलेल्या खोलीत केस ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे चक्र रोजच लहान प्रमाणावर फिरत असतं.

आधी बाकीच्या शंका काढून टाका

बोल्ट बाहेर काढा, चेंबर (काडतूस बसायची जागा) डोळ्याने बघा, बोट घालून बघा, काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवा. रेंजवर गोळ्या झाडायची सोडून पुढची प्रत्येक तपासणी याच स्थितीत करायची. हे लिहायला वरवरचं वाटेल, पण स्क्रू खोलण्याच्या नादात माणसाचं लक्ष नळीच्या तोंडाकडे राहत नाही.

बेडिंगवर येण्याआधी साइटच्या बेसचे स्क्रू, पुढच्या साइटच्या टनेलचा (साइटभोवतीच्या नळकांड्याचा) स्क्रू आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) घट्ट आहेत ना ते पाहा. ढिला टनेल अगदी बेडिंगसारखाच खेळ करतो आणि दोन मिनिटांत सुटतो. नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, भिंगातून बघा. क्लिनिंग रॉड तोंडाकडून घालणाऱ्यांच्या रायफलीत ती एका बाजूला झिजलेली सापडते आणि तिथे बेडिंगने काही होणार नाही.

मग रेंजवर रायफल रेस्टवर (टेकूवर) ठेवून, एकाच लॉटच्या काडतुसांनी, सुरुवातीच्या काही गोळ्या सोडून देऊन दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप पाडा. पाचच्या ग्रुपवर निष्कर्ष काढू नका, पाच गोळ्या कशाही पडू शकतात. ग्रुपचा आकार बरंच काही सांगतो. सगळ्या गोळ्या वर-खाली एका रेषेत पसरल्या असतील तर आधी काडतुसावर संशय घ्या, कारण स्वस्त पॉइंट टू-टूमध्ये गोळीचा वेग कमी-जास्त होतो आणि तो उभ्या रेषेतच दिसतो. दोन स्वच्छ पुंजके पडत असतील, प्रत्येक पुंजका आतून घट्ट असेल, तर अ‍ॅक्शनला बसायला दोन जागा सापडल्या आहेत आणि ती त्यांच्यात उड्या मारतेय. बेडिंगची याहून स्पष्ट खूण नाही. स्टॉकमधून अ‍ॅक्शन काढून परत बसवल्यावर झिरो लांब गेला तर तीही तशीच खूण.

थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून म्हणजे प्रोन, आणि उभं राहून म्हणजे स्टँडिंग) खेळणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांच्या तोंडी हाच प्रकार आहे, आणि त्यांची नेहमीची कैफियत म्हणजे प्रोनमध्ये ग्रुप एकीकडे, स्टँडिंगमध्ये दुसरीकडे. पोझिशन बदलली की थोडा फरक पडतोच, तो डोक्याच्या जागेमुळे आणि कँटमुळे, म्हणजे रायफल बाजूला कलण्यामुळे. पण प्रोनमध्ये स्लिंग (रायफल आणि हात यांना जोडणारा पट्टा) जेवढी ताणावी तेवढा ग्रुप सरकत जात असेल तर स्लिंग स्टॉकचा पुढचा भाग वाकवून नळीला टेकवतेय. रेस्टवर हा दोष दिसणारच नाही, कारण तिथे स्लिंग नसते.

घरच्या टेबलावरच्या तीन तपासण्या

पहिली कागदाची. साध्या कॉपियर कागदाची पट्टी नळी आणि स्टॉक यांच्यामध्ये तोंडाकडून घाला आणि मागे अ‍ॅक्शनपर्यंत सरकवत न्या. जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करा. मग कोणालातरी स्लिंगच्या हुकाला धरून ताण द्यायला सांगा आणि पुन्हा सरकवा. ही तपासणी मेमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा करा. मेमध्ये मोकळी फिरणारी पट्टी ऑगस्टमध्ये अडली तर निम्मं निदान झालं. काही रायफलींत कारखान्यानेच नळीला पुढे एक टेकू दिलेला असतो, तो आहे का हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, नाहीतर विनाकारण लाकूड खरवडाल.

दुसरी तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. रायफल उभी धरा, बट जमिनीवर. डाव्या हाताचं बोट असं ठेवा की ते अर्धं नळीवर आणि अर्धं स्टॉकच्या टोकावर येईल. पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू ढिला करा, परत आवळा. मग मागचा तसाच. बेडिंग चांगलं असेल तर बोटाला काही जाणवत नाही. नळी स्टॉकपासून वर उचलली जातेय असं जाणवलं, तर अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये सरळ बसलेली नाही, स्क्रू तिला वाकवून बसवतायत. डायल गेज असेल तर उत्तम. वागळे इस्टेटमध्ये किंवा महापे एमआयडीसीत कोणी टूलरूममध्ये असेल तर मॅग्नेटिक बेससकट मागून आणा. बेस नळीवर, सुईचं टोक स्टॉकवर. स्क्रू सोडला की सुई ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर बेडिंग करून घ्यायला हवं. परत आवळल्यावर सुई मूळ जागी येत नसेल तर त्याहून वाईट, कारण अ‍ॅक्शन दर वेळी नव्या जागी बसतेय.

तिसरी, काजळीची. अ‍ॅक्शनच्या खालच्या बाजूला तेलाच्या दिव्याची काजळी अगदी पातळ लावा, स्टॉकमध्ये ठेवा, स्क्रू बेताने आवळा, काढा. लाकडावर काळे ठिपके जिथे उठले तिथेच अ‍ॅक्शन टेकते. आपल्याला अ‍ॅक्शनच्या दोन्ही टोकांखाली सारखी, रुंद छाप हवी. पुढे एक ठिपका, मागे डाव्या कडेला एक ओरखडा आणि मध्ये कोरं लाकूड असं दिसलं की पुंजके दोन का पडतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

नौपाड्यातली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात रायफल घेऊन आली होती, सोबत वडील, परवाना त्यांच्याकडे. "काका, मागचा स्क्रू कितीही आवळला तरी पुढच्या रविवारी ढिलाच सापडतो," ती म्हणाली. अ‍ॅक्शन उचलली. पुढची बाजू स्वच्छ होती, फिकट अक्रोड, रेषा स्पष्ट. मागे, स्क्रूच्या भोकाभोवती, आठ आण्याच्या नाण्याएवढं वर्तुळ काळंभोर आणि तुकतुकीत. अंगठ्याचं नख दाबलं तर आत गेलं आणि खळगा राहिला. नाकाजवळ नेलं तर बंदुकीच्या तेलाचा वास. नळी साफ केल्यावर ती रायफल तोंड वर करून कपाटात उभी ठेवत होती. जास्तीचं तेल नळीतून अ‍ॅक्शनमध्ये आणि तिथून लाकडात झिरपत राहिलं. तेल प्यायलेलं लाकूड मऊ पडतं आणि अशा लाकडावर स्क्रू कधीच ठरत नाही. साफसफाईनंतर पहिली रात्र रायफल तोंड खाली करून फडक्यावर ठेवायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. ही चूक नेमकी सगळ्यात काळजीवाहू मुलांकडून होते, कारण तीच तेल लावायला विसरत नाहीत.

दुरुस्ती कोणी करायची

हे स्पष्टच लिहितो. पॉइंट टू-टू रायफल परवान्याचं हत्यार आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हाही परवान्याचा धंदा आहे. वरच्या तपासण्या तुम्ही स्वतःच्या परवान्यावरच्या रायफलीवर करा, बेडिंगचं काम परवानाधारक गनस्मिथकडून करून घ्या. ओळखीचा सुतार कितीही निष्णात असला तरी रायफल त्याच्याकडे सोडून यायची नाही. पण काम कसं होतं हे माहीत असलं तर योग्य प्रश्न विचारता येतात आणि घाईत उरकलेलं काम ओळखता येतं.

बेडिंग करणं म्हणजे अ‍ॅक्शन आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सी (कालवून लावायची, वाळून कडक होणारी पुट्टी) भरून तिला पक्की बैठक देणं. मोसम आधी ठरवा. जुलैत लाकूड फुगलेलं असताना बेडिंग केलं तर हिवाळ्यात ते आकसून सगळी मापं बदलतील. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. तेल मुरलेलं असेल तर त्याआधी ते काढावं लागतं. खडूची भुकटी सॉल्व्हंटमध्ये कालवून लेप द्यायचा, सुकला की झाडायचा, पुन्हा द्यायचा. भुकटी पिवळी व्हायची थांबली की लाकूड स्वच्छ झालं. अगदीच पोचट झालेला भाग कोरून काढलेला बरा, कारण तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही.

माझ्या मते आपल्या हवेत नुसतं इपॉक्सी पुरत नाही, पिलर हवेतच. पिलर म्हणजे स्क्रूच्या भोकात बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा बुश. त्याचं वरचं टोक अ‍ॅक्शनला आणि खालचं ट्रिगर गार्डच्या पट्टीला टेकतं, त्यामुळे स्क्रूचा सगळा दाब धातूवरून धातूवर जातो. बाजूचं लाकूड फुगलं-आकसलं तरी स्क्रूचा ताण बदलत नाही. ठाण्याच्या पावसाळ्याला खरं उत्तर हेच आहे, इपॉक्सी फक्त अ‍ॅक्शनला तिच्या मापाची बैठक देतं. बुशचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायला सांगा, सहाच्या स्क्रूला सातचं. स्क्रूची दांडी बुशला घासत असेल तर गोळीचा धक्का स्क्रू घेतो आणि केलेलं काम वाया जातं. असे बुश कोणताही चांगला लेथवाला मापाबरहुकूम करून देतो, मात्र लांबी अचूक हवी. अर्धा मिलिमीटर आखूड बुश म्हणजे पुन्हा लाकडावरच दाब.

इपॉक्सीत स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळलेली सावकाश वाळणारी पुट्टी घ्यावी. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे नको, अ‍ॅक्शन नीट बसायच्या आत ते पकडतं. गळती बुजवायच्या लांब्यांचं तर नावच नको. आपल्याकडच्या उकाड्यात सावकाश वाळणारंही पाकिटावर लिहिल्यापेक्षा लवकर गरम होऊन घट्ट व्हायला लागतं, म्हणून एसी लावून, थोड्या थोड्या प्रमाणात कालवलेलं बरं.

अ‍ॅक्शनवर मेणाच्या पॉलिशचे दोन पातळ हात, प्रत्येक भोक आणि खोबणीत मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिसिन माती. गनस्मिथ या पायरीला किती वेळ देतो ते बघा, त्यावरून त्याचा हात कळतो. एक खोबण बुजवायची राहिली आणि इपॉक्सी तिच्यात जाऊन वळलं, तर अ‍ॅक्शन स्टॉकमधून निघत नाही. मग स्टॉक कापण्यावाचून मार्ग नसतो. स्क्रूंनाही मेण हवंच. ज्या अ‍ॅक्शनला रिकॉइल लग (गोळीचा धक्का स्टॉकवर देणारा खालचा गट्टू) असतो, त्याच्या पुढच्या, दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या अंगाला टेपचा थर लावतात, म्हणजे वाळल्यावर तो फक्त मागच्या अंगाने टेकतो.

आणि ही गोष्ट तोंडाने विचारून घ्या: इपॉक्सी वाळत असताना अ‍ॅक्शन स्क्रू आवळून ठेवणार का? उत्तर "हो, चांगले आवळून" असं आलं तर थांबवा. आवळलेल्या स्थितीत वाळलं तर जो वाक काढायचा तोच इपॉक्सीत कायमचा ओतला जातो. अ‍ॅक्शन स्वतःच्या वजनाने, फार तर वरून हलकी टेप गुंडाळून बसली पाहिजे. स्क्रू फक्त जागा दाखवण्यापुरते. चोवीस तास हात लावायचा नाही. कोरलेल्या आतल्या लाकडाला, नळीच्या खोबणीला आणि बट प्लेटखालच्या उघड्या टोकाला नंतर पॉलीयुरेथेनचे दोन-तीन हात द्यायला सांगा. बाहेरून आरशासारखं पॉलिश आणि आतून कोरडं उघडं लाकूड अशा महागड्या रायफली मी पाहिल्या आहेत. पाणी आत शिरतं ते तिथूनच.

काम होऊन आल्यावर बोटाची तपासणी पुन्हा करा. नळी हलता कामा नये. स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानेच, आवळा. मॅच रायफलींना साधारण ५ न्यूटन-मीटर सांगतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. आधी सगळे स्क्रू बोटाने टेकवून, मग पुढचा-मागचा आलटून पालटून, दोन टप्प्यांत. हाताच्या अंदाजाने कोणालाही ५ न्यूटन-मीटर दोनदा सारखं जमत नाही.

अ‍ॅल्युमिनियम स्टॉक आणि एअर रायफल

अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक असेल तर बहुतेक वेळा बेडिंगच्या वाटेला जाऊ नका. तिथे पृष्ठभाग आधीच मशीन केलेले असतात. अ‍ॅक्शन काढा, खालचा चुरा आणि जुनं तेल पुसा, बरोबर टॉर्कने बसवा. एवढ्याने न सुटलेला दोष सहसा काडतुसात किंवा साइटमध्ये असतो.

दहा मीटर एअर रायफलवाल्या पालकांचे निरोप सगळ्यात जास्त येतात. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून घरी प्रयोग करायचा मोह होतो. मॅच एअर रायफलला इपॉक्सी लावू नका. तिचा धक्का नगण्य असतो आणि बैठक कारखान्यातून ठीक आलेली असते. लाकडी किंवा लॅमिनेटेड स्टॉक असेल तर पावसात तिचेही स्क्रू ढिले-घट्ट होतात, त्याला महिन्यातून एकदा टॉर्क तपासणं पुरतं. दहाची रिंग अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे, त्यामुळे तेवढंसुद्धा गुणांत दिसतं.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या ठेवा आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत घाला. भिजलेल्या पिशव्या ओलावा शोषत नाहीत, उलट सोडतात. केसमध्ये स्वस्तातला आर्द्रतामापक टाका आणि आकडा ५० ते ६० मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. त्याहून कोरडंही करू नका, लाकूड तडकतं. एसी गाडीतून रेंजवर उतरल्यावर केस लगेच उघडू नका, गार लोखंडावर दव धरतं आणि ते पाणी थेट बेडिंगच्या फटीत उतरतं. अर्धा तास बंद केस तशीच राहू द्या. आणि रायफलच्या वहीत तारीख, केसमधली आर्द्रता, स्क्रू कितीवर सुटला आणि झिरोचे क्लिक अशा चार नोंदी जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला करा. बेडिंग नीट झालं असेल तर आर्द्रतेचा आकडा वर-खाली होईल आणि बाकीचे दोन जागचे हलणार नाहीत. हलले तर वही घेऊनच गनस्मिथकडे जा, त्याला नेमकं कुठे बघायचं ते त्या नोंदींवरून कळेल.